भंगारात काढण्याआधी

चि. मुक्तास,


शाळेतले जुने लॅपटॉप भंगारात काढायचं चाललंय, असं तू म्हणालीस. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ त्या यंत्रांवर चढत नाही. तरीही थोडं थांब. का, ते कळायला आधी एक जुनी गोष्ट ऐक.

२००७ मध्ये तैवानच्या आसूस कंपनीनं ईई पीसी हा छोटा लॅपटॉप आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी मेमरी आणि आत विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली. त्याच वर्षी 'एक मूल, एक लॅपटॉप' योजनेचा एक्सओ मुलांच्या हाती आला, तोही लिनक्सवर चालणारा. आपल्या कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या शाळेतही तो पोचला. चालू प्रोग्रॅमची मूळ आज्ञावली उघडून दाखवायला त्याच्या कीबोर्डवर खास कळ दिलेली होती. मुलांवर केवढा हा विश्वास!

मायक्रोसॉफ्टची तेव्हाची नवी विंडोज, व्हिस्टा, एवढ्याशा यंत्रांना झेपणारी नव्हती. कंपनीनं विद्यार्थ्यांसाठीचा विंडोज-ऑफिस संच सरकारांना ३ डॉलरला देऊ केला होताच. मग जून २००८ अखेर निरोप द्यायच्या जुन्या विंडोज एक्सपीला छोट्या लॅपटॉपांपुरती मुदतवाढ दिली. पुढे एक्सओवरही एक्सपी चालू लागली. सवयीचे प्रोग्रॅम हवे असलेल्या ग्राहकांनी विंडोजच पसंत केली आणि त्या बाजारात लिनक्स मागे पडलं.

पण त्यानं आव्हान दिलं म्हणूनच बलाढ्य कंपनीला नमतं घ्यावं लागलं. त्याचा फायदा लिनक्स कधीही न वापरलेल्यांनाही झाला. म्हणून मला वाटतं, दुसरा पर्याय जिवंत ठेवणं हे आपलंही काम आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवताहेत. आपल्या मुलांना तरी ते अवघड का जावं?

एखादं हलकं लिनक्स पेनड्राइव्हवर घे आणि एकाच लॅपटॉपवर, जुनं काही न पुसता, चालवून बघ. प्रिंटर, प्रोजेक्टर, मराठी टायपिंग, शाळेची ऑनलाइन कामं, सगळं तपास. एखादं काम विंडोजशिवाय अडतच असेल, तर त्यासाठी एक नवं यंत्र घ्या. बाकीची मुलांच्या हातात दे. काही बिघडलं, तर दुरुस्त कसं करायचं तेही ती शिकतील.

मुख्याध्यापकांशी या आठवड्यातच बोल. मे महिन्याच्या सुट्टीत मी येते. उरलेली यंत्रं आपण दोघी मिळून तयार करू.

तुझी,
मावशी