पाचवी तार आणि सहावी तार

आमच्या धर्मग्रामाच्या गायकवृंदासाठी विजेवर वाजणारी बास गिटार घ्यावी किंवा कसे, आणि घेणे झाल्यास ती नेहमीची चार तारांची असावी, पाच तारांची असावी की सहा तारांची, हा प्रश्न गेले दोन महिने आमच्यापुढे होता. शेताचा बांध, मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण यांच्या विवंचनेत असलेल्या कुटुंबांस हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या पैशाने हे वाद्य यावयाचे, तो पैसा याच कुटुंबांनी नव्या कणसांच्या सणास दिलेला आहे. आणि ज्या तरुणाने ही मागणी केली, तोही त्यांच्यापैकीच एका घरचा मुलगा. म्हणून आम्ही या गोष्टीचा विचार कसा केला, हे सर्वांपुढे मांडणे आम्हांस उचित वाटते.

बास म्हणजे आपला खर्ज. तंबोऱ्याची अखेरची तार जे काम करते, तेच काम हे वाद्य करते. गाणे ते गात नाही. गाणाऱ्यांच्या पायाखाली जमीन धरून ठेवते. आपल्या भागास हा स्वर नवा नाही. पूर्वी गोव्यातील चर्चमधून व्हायोलिनांच्या साथीस एक पुरुषभर उंचीचे, उभ्याने वाजवावयाचे वाद्य असे. पोर्तुगीज भाषेत त्यास 'रबेकांव' म्हणत. ते ने-आण करण्यास अवघड आणि शिकण्यासही कठीण. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी तोच खर्ज गळ्यात अडकवता येईल अशा गिटारीत आणून तिची विक्री सुरू केली. तिच्या दांडीवर पडदे असल्यामुळे बोट नेमक्या स्वरावर पडे, म्हणून तिला 'प्रिसिजन', म्हणजे अचूक, असे नाव मिळाले. तिच्या तारा चार: ई, ए, डी आणि जी. जगातील बहुतेक वादकांचे आजही या चार तारांवर भागते.

मग अधिक तारा कशासाठी? अँथनी जॅक्सन या अमेरिकन वादकाचे म्हणणे असे की, गिटारीस सहा तारा आहेत, तर तिच्याच कुळातील या वाद्यास चारच का असाव्यात? त्याच्या मागणीवरून कार्ल थॉम्पसन या कारागिराने १९७५ साली सहा तारांचे वाद्य घडवून दिले. चार तारांच्या खाली एक जाड 'बी' आणि वर एक बारीक 'सी' अशी त्याची रचना. वरची तार सोडून केवळ खालची घेतली की पाच तारांचे वाद्य होते. आमच्या तरुणास हवे होते ते सहा तारांचे.

वाद्य चर्चमध्ये चालेल काय, ही शंका काही वडीलधाऱ्यांनी काढली. ती निराधार नव्हती. १९०३ साली परमगुरू दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानोसही मनाई केली होती. परंतु ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात ऑर्गनचा मान कायम ठेवून इतर वाद्यांसही अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट करून दिली आहे. अटी अशा की, वाद्य पवित्र कार्यास योग्य असावे, स्थळाच्या प्रतिष्ठेस शोभावे आणि भाविकांच्या उन्नतीस त्याने खरोखर हातभार लावावा. संमती आम्हांस मिळाली. पहिल्या दोन अटी वादकाच्या वागणुकीवर अवलंबून आहेत. तिसरी अट मात्र खरेदीपूर्वीच तपासून पाहावयाची असते, आणि आमचा सारा विचार तिच्याभोवती फिरत राहिला.

धर्मग्राम परिषदेतील एक वयस्क शेतकरी म्हणाले, "फादर, चार तारांवर जगाचे भागते, मग आपल्यालाच जास्त कशाला?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आमच्या मागच्या बाकांवर सापडले. आमच्याकडे गायकवृंदातील मुली उंच पट्टीत गातात. मागे बसलेल्या वृद्ध स्त्रिया आणि शेतावरून आलेले पुरुष त्या पट्टीस पोहोचत नाहीत व मुकाट्याने ऐकत राहतात. म्हणून आम्ही गाणी खाली उतरवली. 'ई'ची 'डी'त आणली, काही 'सी'पर्यंत नेली. लोक गाऊ लागले. परंतु चार तारांच्या बासचा सर्वांत खालचा स्वर 'ई' आहे. त्याखालचा 'डी' त्यावर नाही. वादकास एक सप्तक वर चढून 'डी' धरावा लागतो, आणि नेमका ज्या ठिकाणी आधार हवा तेथेच आधार वर उचलला जातो. पाचव्या तारेवर पहिल्या पडद्याशी 'सी' आहे, तिसऱ्या पडद्याशी 'डी' आहे. पाहिले तर ही तार खालच्या बाजूस केवळ पाच स्वरांची भर घालते. परंतु आमची बहुतेक गाणी आता त्याच पाच स्वरांपैकी एखाद्यावर टेकतात. अर्थात पाचवी तार वादकाच्या हौसेची नसून मागच्या बाकांवरील आजीबाईंच्या कंठाची आहे, असे आमचे मत झाले.

सहावी तारही पाचच स्वरांची भर घालते, मात्र वरच्या बाजूस. त्यांवर एकट्याने सुंदर वादन करता येते, अनेक स्वर एकदम छेडता येतात. कुशल हातात ते अपूर्व वाटते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तेथे आमच्याकडे की-बोर्ड आहे, व्हायोलिन आहे आणि माणसांचे आवाज आहेत. ती जागा रिकामी नाही. शिवाय सहा तारांची दांडी रुंद असते. गायकवृंदातील चौदा वर्षांच्या एका मुलीस बास शिकावयाची आहे. तिने एका ओळखीच्या वादकाचे तसे वाद्य हातात घेऊन पाहिले, तेव्हा तिची बोटे जाड तारेपर्यंत पुरेनात. पाच तारांवर ती कष्टाने का होईना, पोहोचते.

आणखी एक गोष्ट बाजारात गेल्यावर ध्यानात आली. 'ई'च्या तारेची कंपने सेकंदास सुमारे ४१, तर 'बी'ची सुमारे ३१. आमच्या चर्चमधील भिंतीवरचे उभे स्पीकर प्रवचनासाठी आहेत. इतका खोल स्वर त्यांतून निघतच नाही. त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे उपस्वर तेवढे बाहेर पडतात, आणि आपला कान त्यांवरून मूळ स्वर जुळवून घेतो. म्हणजे खर्ज कळतो, पण छातीस जाणवत नाही. तेव्हा बाससाठी वेगळा ॲम्प्लिफायर व मोठा स्पीकर हवाच. तोही कोपऱ्यात ठेवून चालत नाही. दगडी भिंतींत खालचे स्वर घुमतात आणि शब्द बुडतात. बेळगावच्या बाजारात आम्हांस दाखविलेल्या सहा तारांच्या वाद्याच्या किमतीत पाच तारांचे साधे वाद्य आणि त्यास पुरेसा स्पीकर अशी दोन्ही येत होती. हे कळल्यावर हिशोब फार लांबला नाही.

लांबले ते त्या तरुणाशी बोलणे. तो दिवसा दुधाची गाडी चालवितो आणि रात्री वाजवितो. हात गोड आहे. गोव्यातील एका हॉटेलातील वाद्यवृंदाकडून त्यास बोलावणे आले आहे. तो म्हणाला, "फादर, सहा तारांची घेतलीत तर मी इथेच राहीन." या वाक्याने आम्ही दोन रात्री अस्वस्थ होतो, कारण तो गेल्यास गायकवृंदाचे काय होईल हे आम्ही जाणतो. तरीही आम्ही त्यास सांगितले, "बाळा, तुला इथे बांधून ठेवण्यासाठी वाद्य घेणे बरे नव्हे. तू राहिलास तर आम्हांस आनंद आहे, गेलास तर आमचा आशीर्वाद आहे. पण वाद्य गावाचे आहे. ते तुझ्यानंतरही वाजले पाहिजे." तो गप्प राहिला. त्यास वाईट वाटले, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि आमचे बोलणे त्यास पटले असे आम्ही म्हणणार नाही.

निर्णय असा झाला: पाच तारांची बास, एक मोठा स्पीकर, आणि पावसाळ्याच्या दमटपणात तारा गंजू नयेत व दांडी वाकू नये म्हणून एक बंद पेटी. अट एकच घातली, ती ही की, जो वाजवील त्याने आठवड्यातून एक दिवस दुसऱ्यास शिकवावे. तरुणाने ही अट मान्य केली आहे. तो गोव्यास जाईल की नाही हे अद्याप ठरलेले नाही. परंतु दर गुरुवारी संध्याकाळी तो त्या मुलीस शिकवावयास येतो.

आपल्या घरीही मुले महागडी वस्तू मागतात. तेव्हा केवळ किंमत पाहून नाही म्हणू नये, आणि केवळ मूल रुसेल म्हणून होही म्हणू नये. ती वस्तू कोणाकोणाच्या उपयोगी पडेल, आणि मागणारा दूर गेल्यावर ती कोणाच्या हाती राहील, एवढे दोन प्रश्न मुलास जवळ बसवून त्याच्याबरोबरच सोडवावेत. उत्तर कधी चार तारांचे येईल, कधी पाच, आणि एखाद्या घरी सहाही येईल.