रेंजच्या पलीकडचा हरिश्चंद्रगड

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद, रात्री अकराला गाडी आणि पहाटे पाचनईत वाफाळता चहा. पुण्या-मुंबईच्या ऑफिसवाल्यांची हरिश्चंद्रगडाची वारी साधारण अशीच सुरू होते. हल्लीच्या सॅक बघाल तर थक्क व्हाल! स्पीकर, पॉवर बँक, अ‍ॅक्शन कॅमेरा, सगळं हजर. पण ‘वर कुणाचा पाय मोडला तर कळवणार कसं?’ असं विचारा, सगळे खिशातल्या मोबाइलकडे बोट दाखवतात.

आता या मोबाइलचं गडावर काय होतं ते बघा. गडाची उंची १४२४ मीटर. फोन आणि टॉवर यांच्यामध्ये डोंगर आडवा आला की रेंज गुल. त्यामुळे तारामतीच्या माथ्यावर किंवा कोकणकड्याच्या उघड्या अंगाला एखादी काडी उगवते, आणि मंदिराकडे उतरलं की मावळते. नळीच्या वाटेत तर दोन्ही बाजूंना कातळभिंती आणि पायाखाली निसटते धोंडे. म्हणजे जिथं पडायची भीती सगळ्यात जास्त, तिथं रेंजचा भरवसा सगळ्यात कमी. आणि धुक्यात रेंज शोधत कड्याच्या टोकाशी जाणं म्हणजे एका अपघातावर दुसरा.

सिएटलला स्थायिक झालेली माझी एक मैत्रीण ट्रेकला जाताना सॅकच्या पट्ट्याला सॅटेलाइट मेसेंजर अडकवते. तळहाताएवढं यंत्र, टॉवरशिवाय थेट उपग्रहाशी बोलतं. एसओएसचं बटण दाबलं की तुमचा ठावठिकाणा मदत केंद्राला कळतो, वर दोन्ही बाजूंनी मेसेजही चालतात. “दिवाळीत येताना तुला एक आणू का?” तिनं प्रेमानं विचारलं. मी म्हटलं, “बाई गं, चकल्यांचा साचा विसरलीस तरी चालेल, पण हे आणू नकोस!”

कारण कायदा. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर बाळगताच येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर एका स्कॉटिश महिलेला गार्मिन इनरीच जवळ सापडल्यामुळे पोलिसांना सामोरं जावं लागलं. दोघींनी तो घेतला होता सुरक्षिततेसाठीच. आयफोन १४ पासून फोनमध्येच उपग्रहाद्वारे एसओएस पाठवायची सोय आली, पण तीही भारतात चालत नाही. त्यामुळे परदेशी वेबसाइटवरची ‘टॉप टेन’ यादी आपल्या कामाची नाही.

मग घ्यायचं काय? मी कुठलंही यंत्र निवडताना तीन प्रश्न विचारते. हाक ऐकणार कोण? त्याला मी कुठं आहे ते कळणार का? आणि बॅटरी संपली तर पुढे काय?

पहिला नंबर अर्थातच मोबाइलचा, पण नीट वापरला तर. वर चढताना मी फोन एअरप्लेन मोडवर टाकते, कारण टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते. जीपीएसला रेंज लागत नाही, त्यामुळे अक्षांश-रेखांश तरीही मिळतात. नकाशा मात्र घरीच डाउनलोड केलेला हवा. कॉल लागत नसेल तर एसएमएस पाठवून बघा, क्षीण रेंजमध्येही तो कधीकधी निघून जातो. आणि ११२ लावून बघाच. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरून हा कॉल जाऊ शकतो. ग्रुपमधल्या सगळ्यांचं सिम एकाच कंपनीचं नसेल तर आणखी उत्तम.

दुसरा नंबर वॉकीटॉकीचा. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या सेटला भारतात परवाना लागत नाही. नळीच्या वाटेत पुढचा आणि शेवटचा भिडू यांच्यात बोलायला मस्त. पण डोंगराआडून तोही मुका होतो आणि गावात त्याचा आवाज ऐकणारं कुणी नसतं. म्हणजे पहिल्या प्रश्नात तो नापास. त्यापेक्षा लांबचं बोलायचं तर हॅम रेडिओ, पण त्यासाठी परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो.

तिसरी माझी लाडकी शिट्टी. बॅटरी नाही, परवाना नाही, रेंजची कटकट नाही. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. गिर्यारोहकांचा हा जगभरचा संकटाचा इशारा आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं येतं. रात्री हेच टॉर्चनं करायचं. शिट्टी सॅकच्या तळाशी ठेवू नका, गळ्यात घाला.

पण या सगळ्यांच्या आधी येतो एक कागद. पाचनईत ज्यांच्याकडे जेवतो, त्या मावशींकडे मी नावं, घरचा फोन नंबर आणि परतीची वेळ लिहून ठेवते. मावशींना वेळेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी. “ताई, कुठल्या वाटेनं उतरणार तेवढं सांगा. म्हणजे शोधायला बरं पडतं.” खिरेश्वरची टोलार खिंड, पाचनई आणि नळी, तिन्ही वाटा तीन दिशांना. चुकीच्या वाटेवर शोध सुरू झाला तर हातातले तास असेच निसटतात. हाच तपशील घरीही हवा, सोबत ‘इतके वाजेपर्यंत फोन आला नाही तर पुढे कळवा’ ही स्पष्ट सूचना. कळवायचं ११२ ला आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला. राज्यभरातल्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना हे केंद्र एकत्र आणतं. त्याचा नंबर निघायच्या आधीच घरच्यांच्या फोनमध्ये सेव्ह करा, कारण गडावर गेल्यावर गूगल करता येणार नाही.

आता खाली उतरल्यावर एकच पथ्य पाळा. इन्स्टावर फोटो टाकायच्या आधी घरी एक फोन करा: पोचलो!