फनस्टन रस्त्यावरचे देऊळ

सॅनफ्रान्सिस्कोहून परतलेला माणूस गोल्डन गेटच्या तांबड्या पुलाचे वर्णन करतो. ते तुम्ही पुष्कळदा ऐकले असेल, म्हणून मी गाळतो. मला सांगायचे आहे ते तिथल्या फनस्टन रस्त्यावरच्या एका पांढऱ्या इमारतीविषयी. समोर ग्रीक धाटणीचे उंच खांब. मुळात हे एका ख्रिस्ती पंथाचे प्रार्थनामंदिर. २००९ साली ते ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने विकत घेतले. ब्रूस्टर केल या गृहस्थांनी ही संस्था १९९६ साली काढली. संगणकाच्या जगात निर्माण होणारे पुसले जाण्याआधी टिपून ठेवावे, हा हेतू.

मराठीच्या मास्तराचे तिथे काय काम? काम होते. माझ्या खिशात एक फ्लॉपी होती.

वडिलांनी १९९८ साली सांगलीत आपल्या आठवणी एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुढे वडील गेले. छापील प्रत २०१९ च्या महापुरात गेली. फ्लॉपीतला मजकूर भाच्याने उतरवून घेतला, पण पडद्यावर उमटली ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ! तेव्हा युनिकोड आपल्याकडे रुळलेले नव्हते. जो तो आपल्या मर्जीने मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसवी. तो फाँट आणि तो प्रोग्राम हाताशी नसेल, तर शब्द शाबूत असूनही वाचता येत नाहीत. मोडी दफ्तरासारखेच. कागद आहे, वाचणारा नाही.

आत बाके अजून देवळातलीच आहेत. त्यांच्या कडेने संस्थेतल्या माणसांचे मातीचे पुतळे उभे. तीन वर्षे नोकरी झाली की पुतळा होतो. (आमच्या कॉलेजात पंचवीस वर्षांनी शाल मिळते.) मागे कोनाड्यांत यंत्रांची कपाटे, आणि त्यांत लुकलुकणारे निळे दिवे.

भाच्याने तिथेच बाकावर बसून १९७९ चे व्हिजिकॅल्क उघडून दाखवले. आजच्या हिशेबी तक्त्यांचे हे आजोबा. मग ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ. नुसती प्रत जपून भागत नाही. ती चालवणारे यंत्र भंगारात गेलेले असते. म्हणून नव्या यंत्राने जुन्याचे सोंग घ्यायचे, अशी ही युक्ती.

“पण हे कायद्यात बसते का रे?” मी विचारले.

“सगळेच बसते असे नाही, मामा.”

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, आणि कायद्याच्या लेखी प्रोग्राम हेही वाङ्मयच. साठ वर्षे फ्लॉपी कशी टिकणार? कॅनडाचे कादंबरीकार रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ साली वर्डस्टार ७ ची प्रत माहितीपुस्तकांसह सर्वांसाठी खुली केली. ती आवृत्ती १९९२ ची. मला विचाराल तर त्यांनी योग्यच केले.

आमचा फाँट मात्र त्या एवढ्या भांडारात सापडला नाही. “कुणी ठेवलाच नाही, तर मिळणार कुठून?” भाचा म्हणाला.

सांगलीला परतल्यावर डीटीपीवाल्याला शोधून काढले. आता त्याचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. “सर, जुना संगणक माळ्यावर आहे. गणपती होऊ द्या, काढतो.” काढला. तिसऱ्या खेपेला तो सुरू झाला. प्रोग्रामची आणि फाँटची एकेक प्रत भाच्याकडे रवाना केली.

वडिलांच्या पहिल्याच ओळीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक निघाली. ते असते तर दुकानात जाऊन भांडले असते. मी ती तशीच ठेवली आहे.