गुडगुडीचे पाणी, टाकीची काच

माणसाच्या व्यसनांचा इतिहास हा बऱ्याच अंशी भांड्यांचा इतिहास आहे. पानाला डबा लागतो, तपकिरीला डबी लागते, तंबाखूला चंची लागते आणि धुराला तर आजवर किती तऱ्हेची पात्रे लागली त्याची गणतीच नाही. भांडे एकदा घरात आले की ते घासावेही लागते. व्यसन कुणी करावे आणि भांडे कुणी घासावे, ह्या दोन प्रश्नांचे उत्तर आपल्या घरांतून क्वचितच एक असे. पहिल्या प्रश्नावर उपदेशपर लेखन विपुल झालेले आहे. दुसऱ्याकडे मात्र कुणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. आम्हांला येथे त्याविषयीच थोडे सांगावयाचे आहे.

धुराचे पात्र आपल्याकडे आले ते दक्षिणेतूनच, ही गोष्ट मराठी वाचकास मौजेची वाटेल. अकबराचा वकील असद बेग विजापुरास गेला होता. तेथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास नक्षीदार नळीसह ती आग्र्यास नेऊन बादशहापुढे ठेवली. दरबारच्या हकिमाने नापसंती दर्शविली, तरी बादशहाने दोन झुरके घेतलेच. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले ते आपण जाणतोच. धूर पाण्यातून नेण्याची युक्ती मात्र हकीम अबुल फत्ह गिलानी ह्याच्या नावावर सांगितली जाते. हा हकीम १५८९ सालीच वारला होता, म्हणजे असद बेगाची तंबाखू दरबारात पोचण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा ही दंतकथाच म्हणावयाची. परंतु दंतकथेलाही अर्थ असतो. धूर पाण्यातून गेला की तो धुतला जातो, असे लोकांना मानावयाचे होते आणि त्यासाठी एखाद्या वैद्याचे नाव हवे होते.

भांडी मात्र अप्रतिम झाली. बिदरच्या कारागिरांनी जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची वेल उतरवून, किल्ल्यातील मातीने तो धातू काळाभोर करून हुक्क्याची पात्रे घडविली. अठराव्या शतकात निळ्या-हिरव्या काचेची, सोन्याच्या रंगाने चितारलेली, घंटेच्या आकाराची पात्रेही होत असत. ती आज संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. होळकरांच्या लष्कराबरोबर जी मराठी घराणी माळव्यात उतरली आणि १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास आल्यावर येथेच रुजली, त्यांच्यापैकी काहींच्या ओसरीवर गुडगुडी होतीच. माळव्याच्या खेड्यांतून तर हुक्का म्हणजे जातपंचायतीचे आसन. एखाद्याला वाळीत टाकावयाचे झाले की त्याचे 'हुक्का-पाणी बंद' होई. भाकरीच्याही आधी हुक्क्याचा उल्लेख!

आमच्या आजोबांची गुडगुडी तांब्याची होती. ते होळकर संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तरी त्यांची बैठक विलीन झाली नव्हती. सकाळी स्नानानंतर, दुपारी वामकुक्षीनंतर आणि रात्री जेवणानंतर ओसरीवर गुडगुडी येई. 'येई' असेच म्हणावयास हवे, कारण ती कुठून येते आणि कुठे जाते, ह्याची आजोबांना कल्पना नसे. ती येई माजघरातून आणि जाई मोरीवर. चिलीम खाली करणे, तिच्यात गुळाने मळलेली तंबाखू भरणे, वर निखारे मांडणे, नळीतून तारेला बांधलेली चिंधी ओढून चिकटा काढणे, पात्रातील पाणी बदलणे आणि चिंच-राखेने तांबे लखलखीत करणे, हे सारे आजीचे काम. त्या पाण्याचा रंग आम्हांला आजही स्मरतो. काढ्यासारखे तपकिरी पाणी, वर तेलकट तवंग, आणि दर्प असा की मोरीवर दोन तांबे पाणी ओतल्याखेरीज तो जात नसे.

१९५८ च्या पावसाळ्यात आजोबांचा दमा बळावला. डॉक्टर घरी आले. दिवसाकाठी किती चिलमी होतात, असे त्यांनी विचारले. आजोबा म्हणाले, "दोन-तीन." डॉक्टरांनी मान डोलावली आणि औषध लिहून दिले. ते निघाले तेव्हा आजी दाराआडून म्हणाली, "जाताना मोरीजवळचं पाणी बघून जा, डॉक्टरसाहेब. सकाळपासनं हे तिसऱ्यांदा बदललंय." डॉक्टर थांबले, वाकून पाहिले, काही बोलले नाहीत. पण पुढच्या भेटीपासून ते प्रश्न आजीला विचारू लागले. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. त्या वेळी केवळ गंमत वाटली. व्यसनाचे खरे माप व्यसनी माणसाजवळ नसते, ते भांडे घासणाराजवळ असते, हे समजावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

पाण्याने धूर धुतला जात नाही, हे आता सर्वांना ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच सांगितले की हुक्क्याच्या एका बैठकीत माणूस शंभर किंवा त्याहूनही अधिक सिगारेटींइतका धूर आत घेऊ शकतो. धूर थंड होतो, मऊ होतो, म्हणून अधिक खोल ओढला जातो; कोळशाचा विषारी वायू तर पाण्यातून तसाच पार जातो.

ह्या सर्व गोष्टींची आठवण होण्यास निमित्त झाला तो आमचा पुतण्या. तो लंडनला असतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता त्याच्याकडे तीन महिने राहिलो. पूर्वी तो दिवसाला पंधरा-वीस सिगारेटी ओढीत असे. त्या सोडण्यासाठी त्याने विजेवर चालणारे एक यंत्र घेतले होते. खाली विद्युत्‌घट, वर बोटाच्या पेराएवढी काचेची टाकी, टाकीच्या मधोमध पोलादी नळी आणि तिच्या तळाशी तारेचे वेटोळे. तारेला कापूस वेढलेला असतो. तो टाकीतील द्रव शोषतो, तार तापते आणि द्रवाचे तुषार होऊन मुखनळीतून येतात. द्रवात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंध आणि निकोटीन. जळत काहीच नाही, म्हणून राख नाही, डांबर नाही. हे यंत्र आजच्या रूपात आणले होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने, २००३ साली. तोही सिगारेट ओढणारा होता. म्हणजे पाण्याच्या मागे हकीम आणि तुषारांच्या मागे औषधतज्ज्ञ! चार शतकांनीही वैद्याचे नाव सुटले नाही, फरक इतकाच की ह्या वेळी ते दंतकथेतले नव्हते.

रविवारी सकाळी पुतण्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर फडके पसरून ही टाकी सोडवीत बसे आणि आम्ही चहा घेत पाहत असू. आमच्या पिढीला त्यात अपरिचित असे काहीच नव्हते. कंदील ज्याने साफ केला आहे त्याला ती टाकी सहज समजावी. काच कोमट पाण्याने धुवावयाची आणि पूर्ण कोरडी करावयाची, कारण पाण्याचा अंश राहिला तर द्रव बेचव होतो व तार तडतडते. रबरी वॉशर कुकरच्या रिंगेप्रमाणे; ते पिळवटले किंवा चिरले की खालून गळती सुरू. द्रव भरताना बाटलीचे टोक कडेला धरावयाचे. मधल्या नळीत थेंब गेला तर तो थेट तोंडात येतो. नवे वेटोळे बसविले की कापसावर दोन-चार थेंब टाकून, टाकी भरून, दहा मिनिटे स्वस्थ बसावयाचे. कंदिलाची नवी वात रॉकेल न पिता पेटविली तर जळते ना, तसेच हे. कापूस कोरडा राहिला तर घशाला जळक्या चिंधीचा चटका बसतो, आणि अशा तापलेल्या तारेवर आरोग्यास घातक द्रव्येही तयार होतात. गोड वासाच्या द्रवाने तारेवर काळी खरपुडी लवकर धरते. मग आठ-पंधरा दिवसांत वेटोळे टाकून द्यावे लागते. टाकी काचेचीच का, असे आम्ही विचारले. प्लॅस्टिकच्या टाक्यांना लिंबू-दालचिनीच्या अर्कांनी तडे जातात, असे तो म्हणाला. काच पडली तर फुटते, पण कशाने विरघळत नाही.

"आणि दुसरं म्हणजे, काका, काचेतून दिसतं," तो पुढे म्हणाला. "सिगारेट किती झाल्या ते कधी कळायचंच नाही. पाकीट संपलं की दुसरं. इथे सकाळी दोन मिली भरतो, रात्री किती उरलं ते डोळ्यांसमोर असतं."

त्या देशाच्या कायद्याने टाकीत दोन मिलिलिटरांहून अधिक द्रव मावता कामा नये आणि प्रत्येक मिलिलिटरात २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटीन असता कामा नये. पुतण्याने १८ पासून प्रारंभ केला होता. आम्ही गेलो तेव्हा तो १२ वर होता, निघालो तेव्हा ६ वर. ओट्याच्या कपाटात आतल्या बाजूस एक कागद चिकटविलेला होता. त्यावर तारखा व आकडे. बाटल्या मात्र कुलुपात, कारण घरात चार वर्षांची मुलगी होती, बाटलीला आंब्याचा वास येई, आणि पोटात गेले तर निकोटीन हे विषच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. काच निर्मळ असली म्हणून आतले द्रव्य निर्मळ ठरत नाही. २०१९ साली अमेरिकेत अशी यंत्रे वापरणारे लोक फुफ्फुसांच्या विकाराने धडाधड रुग्णालयांत दाखल झाले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. मुख्य कारण निघाले ते गांजाच्या अर्काच्या चोरट्या द्रवात मिसळलेले एक तेलकट द्रव्य. ते काचेतून कुणाला दिसले नव्हते. सिगारेटीपेक्षा अपाय कमी, असे ब्रिटनचे आरोग्यखाते सांगते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि वीस-बावीस वर्षांच्या वापरावरून साठ वर्षांचे परिणाम सांगता येत नाहीत.

आपल्या देशाने निराळा मार्ग धरला. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा होऊन ह्या यंत्रांचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात हे सारे निषिद्ध झाले. शाळकरी मुलांना ह्या नव्या व्यसनापासून वाचवावयाचे होते आणि तो हेतू कुणी नाकारू नये. परंतु सिगारेट मात्र पूर्वीप्रमाणेच कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्यावर मिळते.

ही विसंगती आमच्या घरात प्रत्यक्ष येऊन उभी राहिली ती २०२४ च्या दिवाळीत. वहिनींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती, पुतण्या अठरा दिवसांसाठी इंदुरास यावयाचा होता. टाकी बरोबर आणणे कायद्यास धरून नव्हते. त्याने ती धुऊन, कोरडी करून, लंडनच्या कपाटात ठेवली आणि येथे उतरल्यावर औषधाच्या दुकानातून निकोटीनचे च्युइंगम घेतले. चौथ्या रात्री सगळी मंडळी सराफ्यात गेली. भुट्ट्याचा कीस झाला, गराडू झाले, आणि परतताना तो ठेल्यापाशी मागे रेंगाळला. आम्ही पाहिले, विचारले नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी तोच आपण होऊन म्हणाला, "काका, तीन झाल्या. अठरा दिवसांत तीन. आईला आत्ताच सांगितलं."

आजोबांनीही डॉक्टरांना जवळजवळ हाच आकडा सांगितला होता. परंतु आजोबांचा आकडा मोरीवरच्या पाण्याशी जुळत नव्हता आणि पुतण्याचा आकडा जुळणारा होता, ह्याविषयी आम्हांला शंका नाही. कारण अलीकडे पाणी फेकणारा आणि धूर ओढणारा एकच माणूस आहे. स्वतःच्या हाताने जो काळी खरपुडी काढतो, त्याला ती दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. यंत्राचे श्रेय आम्ही ह्याहून अधिक मानीत नाही. हीच टाकी एखादा दिवसातून दहा वेळा भरील आणि तितक्याच निगुतीने धुवील. मग ती निगा म्हणजे व्यसनाचीच चाकरी. पुतण्या आज ३ मिलिग्रॅमवर आहे. सुटलेला नाही. कपाटातला कागद अजून चालू आहे, एवढेच खात्रीने सांगता येते.

वाचकांपैकी काहींच्या दिवाणखान्यात वाडवडिलांची गुडगुडी शोभेच्या कपाटात ठेवलेली असेल. पाहुण्यांना ती कौतुकाने दाखविली जाते. ती कोणत्या सरदाराने दिली, कोणत्या लग्नात मिळाली, ते सांगितले जाते. ते अवश्य सांगावे. त्याबरोबर घरातल्या मुलांना तिच्या पाण्याचा रंग कसा असे आणि ते पाणी मोरीवर कोण ओतीत असे, हेही सांगावे.