गोठलेल्या नदीवरची वाट

फिनलंडमधल्या रोव्हानिएमीला आम्ही उभयता पोहोचलो तो फेब्रुवारी महिना. केमी नदी गोठून तिचे मैदान झाले होते आणि त्यावरून स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरच्या फटफटी, धावत होत्या. तशीच एक मी चालवीत होतो, मागे सौभाग्यवती. समोर पूल दिसला. आडवाटेने गेलो तर वेळ वाचेल, म्हणून तोंड वळवले, तोच पुढच्या वाटाड्याने हात आडवा केला!

"तिकडे नको. पुलाच्या खांबांपाशी पाण्याला ओढ असते. तिथला बर्फ पातळ."

अंगावर काटा आला. मग कडेने रोवलेल्या काठ्या नीट दिसू लागल्या. वाट आखलेली होती ती उगीच नव्हे!

इथे शहरातल्या रस्त्यांवर या फटफटींना एरवी मज्जाव. रस्ता ओलांडायचा तोही मोटारींना आधी वाट देऊन. वेगमर्यादा जमिनीवर ताशी ६० किलोमीटर, गोठलेल्या पाण्यावर ८०. डोक्यावर हेल्मेट सक्तीचे. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी द्यायची नाही. परक्याच्या जमिनीतून जायचे, तर मालकाची परवानगी हवी.

मुकाट्याने काठ्यांमधून परतलो. काठावर उतरताच ही म्हणाली, "आता पुण्यातही सिग्नलला थांबाल ना?"