तांब्याचे तोंड

वयाच्या ५३व्या वर्षी मी चित्र काढायला शिकू लागले. हे विधान दिसते तितके सरळ नव्हते. भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेली आणि हयातीचा मोठा भाग फळ्यापुढे उभी राहिलेली बाई आठवी-नववीच्या मुलांबरोबर सतरंजीवर बसून पेन्सिलीला टोक काढते आहे, ही गोष्ट खेडसारख्या लहान गावात लपून राहत नाही. दुकानात चित्रकलेची वही मागितली की हमखास प्रश्न येई, “मॅडम, घरात कोणी लहान आहे वाटतं?” मी नुसती हसत असे. खोटे बोलत नसे. पण खरेही सांगत नसे.

आमचे सर एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले कलाशिक्षक. शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन पायऱ्यांसाठी ते मुलांची तयारी करून घेतात. जगबुडी नदीपासून थोड्या अंतरावर त्यांचे जांभ्या दगडाचे जुने घर आहे; त्याच्या पडवीत वर्ग भरतो. पहिल्या दिवशी बाहेर पाऊस कोसळत होता. सरांनी स्टुलावर एक पितळी तांब्या ठेवला आणि “वस्तुचित्र,” एवढाच शब्द उच्चारून ते बाजूला झाले.

मी तांब्या काढला. तळ काढला, फुगीर पोट काढले, निमुळता गळा काढला आणि वर तोंड म्हणून एक छानसे वर्तुळ काढले. चित्रातला तांब्या मोडलेल्या मानेने माझ्याकडे पाहत असल्यासारखा दिसू लागला. काय चुकले, हे काही केल्या उमगेना. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तोंड तुम्हाला गोल दिसतंय, की गोल असतं हे तुम्हाला माहीत आहे?”

त्यांच्या सांगण्यावरून मी हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर माप घेतले. समोर दिसत होते ते वर्तुळ नव्हतेच. रुंदीच्या मानाने ज्याची उंची पाचवा हिस्साही नाही, असे एक चपटे लंबवर्तुळ होते. जन्मभर ज्या तोंडाने पाणी प्याले, ते तोंड मी कधी पाहिलेच नव्हते. शेजारच्या मुलीने माझ्या कागदाकडे डोकावून अत्यंत सहानुभूतीने सांगितले, “काकू, इतकं खोडू नका, कागद फाटेल.” मी ओशाळले. कागदाची चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये सारली.

ती घडी घालताना मला एका दुसऱ्या घडीची आठवण झाली.

काही वर्षांपूर्वी मी एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रांना शिकवायला जात असे. बी. ए.च्या त्या वर्गात एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ होते. वय चाळिशीच्या पुढचे. रात्रपाळी करून ते थेट वर्गात येत. त्यांनी लिहिलेला निबंध मी तपासला आणि इतरांना उपयोग व्हावा म्हणून त्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोठ्याने वाचून दाखवल्या. शेवटी म्हणाले, “ही चूक सातवीतलं मूलही करणार नाही.” वर्ग हसला. त्यांनी लाल खुणांनी भरलेला तो कागद शांतपणे घेतला, त्याची चौपदरी घडी केली आणि खाकी सदऱ्याच्या खिशात ठेवली. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत.

माझा अपराध अज्ञानाचा असता, तर त्याची बोच कमी असती. परंतु माझा तर तो अभ्यासविषय. मराठी बोलताना इकार-उकारांची लांबी बहुतांशी शब्दातील त्यांच्या स्थानावर ठरते. केवळ त्या लांबीमुळे अर्थ बदलणाऱ्या जोड्या थोड्या, आणि त्याही बहुधा संस्कृतातून आलेल्या. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला भेद आपण लेखणीने पाळतो, जिभेने क्वचितच. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२मध्ये स्वीकारले गेले. त्यापूर्वी ‘कवि’ असे लिहिणारा अशुद्ध लिहीत नव्हता. म्हणजे ते गृहस्थ कानाला ऐकू येई ते प्रामाणिकपणे लिहीत होते. हे मी व्याख्यानांतून सांगत आले होते. प्रत्यक्ष माणूस समोर आला, तेव्हा मात्र विसरले.

वर्ग पुढे चालू राहिला. पावसाने उघडीप दिली, तेव्हा सरांनी आम्हाला अंगणातल्या आंब्यापुढे बसवले. झाडाशी माझा व्यावसायिक संबंध जुना. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. शब्द आणि कल्पना यांचे नाते समजावण्यासाठी त्या पुस्तकात एका झाडाचे छोटेसे चित्र दिलेले आहे. मी दरवर्षी ते फळ्यावर काढते: एक काठी आणि तिच्यावर एक ढग. विद्यार्थी लगेच ‘झाड’ म्हणतात. अंगणातही माझ्या हाताने तेच काढले. मुले आंब्यापुढे बसून आंबा काढत होती. मी आंब्यापुढे बसून ‘झाड’ हा शब्द काढत होते.

सर म्हणाले, “झाड काढूच नका. फांद्यांच्या मधून दिसतात ते आकाशाचे तुकडे काढा.” ही युक्ती विलक्षण ठरली. त्या तुकड्यांना आपल्या भाषेत नावे नाहीत. एक होता फुटक्या कौलासारखा, दुसऱ्याला कशाचीच उपमा चालेना. नाव नसल्यामुळे आधीपासून माहीत असे काही नव्हते; पाहण्यावाचून गत्यंतरच नव्हते. तासाभराने कागदावर तुकड्यांच्या मधोमध, न काढलेली, एक फांदी उभी राहिली. ती खरोखर त्या आंब्याची होती. पुढे वाचनात आले की, बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेने १९७९च्या आपल्या पुस्तकात हाच मार्ग सांगितला आहे. नवशिक्यांना ती मूळ चित्र उलटे ठेवून नक्कल करायला लावते; कारण उलटे ठेवले की नाक ‘नाक’ राहत नाही, नुसती रेघ होते.

विद्यार्थिमित्रहो, प्रौढपणी शिकणे कठीण का, याचे उत्तर मला तेथे मिळाले. बोटे ताठरली असतात म्हणून नव्हे. ती महिन्या-दोन महिन्यांत सैल होतात. प्रौढाजवळ प्रत्येक वस्तूचे नाव तयार असते. त्या वाहकाच्या कागदावर मी नजर टाकली आणि माझ्याकडे नाव तयार होते: ‘अशुद्ध’. त्या नावापलीकडचे मला काही दिसलेच नाही. त्यांनी निबंधात काय लिहिले होते, ते मी आज कितीही आठवले तरी आठवत नाही. कारण मी तो वाचलाच नव्हता. फक्त तपासला होता.

रवींद्रनाथ टागोरांचे हस्तलिखित कागद प्रसिद्ध आहेत. लिहिताना केलेल्या खाडाखोडीचे ठिपके-रेघा ते एकमेकांना जोडत जात आणि त्यांतून पक्षी, मुखवटे, चमत्कारिक प्राणी साकार होत. चित्रांकडे ते गंभीरपणे वळले ते साठी ओलांडल्यावर. त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन १९३०मध्ये पॅरिसला भरले. खोडलेल्या जागेकडेही पाहता येते, हे त्या कागदांवरून कळते. मी खुणा करून त्या जागा केवळ बंद करीत आले होते.

गेल्या हिवाळ्यात दापोलीला जाण्यासाठी खेडहून एसटीत बसले आणि तिकीट द्यायला तेच गृहस्थ आले. केस पांढरे झाले होते. त्यांनी ओळखले, “नमस्कार, मॅडम,” म्हणाले. एरवी मी नमस्कार करून खिडकीबाहेर पाहिले असते. पण मी विचारले, “तुमचा तो निबंध कशावर होता हो?”

ते क्षणभर थांबले. “मुक्कामाच्या गाडीवर. गावात रात्री गाडी उभी करून झोपतो आम्ही, त्यावर.”

“मी तो नीट वाचला नव्हता. माझी चूक झाली.”

त्यांनी मशीनमधून तिकीट काढले, सुटे पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “आमचं ऱ्हस्व-दीर्घ अजून तसंच आहे, मॅडम.”

“माझंही तांब्याचं तोंड अजून वाकडंच येतं,” मी म्हणाले. पर्समधून वही काढून मी त्यांना दाखवले. त्यांनी ते पान बराच वेळ, हलत्या गाडीत दांड्याला धरून, पाहिले. मग पुढल्या थांब्याची घंटी वाजवायला ते दाराकडे गेले. ते पुन्हा नाव नोंदवतील की नाही, मला ठाऊक नाही. मी मात्र निबंध हाती आला की लाल पेन खाली ठेवून तो आधी एकदा शेवटपर्यंत वाचते.