डक

ऑफिसातल्या मीटिंगमध्ये साहेबांनी बजेटचा विषय शिताफीने टाळला, की बाहेर पडताना कुणीतरी म्हणतंच, ‘कसा डक केला बघ!’ म्हणताना ओठ जरासे मुरडलेले असतात. डक करणं म्हणजे अंग चोरणं, पळ काढणं, असा आपला पक्का समज. मला तो पटत नाही. ज्याने नेटच्या मागे उभं राहून वेगवान गोलंदाजी बघितली आहे, त्यालाही तो पटू नये.

मुळात हे इंग्रजी क्रियापद पाण्यातलं. बुडी मारणं, चटकन डोकं खाली घालणं हा त्याचा जुना अर्थ. बदकाचं इंग्रजी नाव त्याच्या या सवयीवरूनच पडलं. आधी क्रिया, मग पक्षी. पुढे त्या पक्ष्याच्या अंड्यावरून फलंदाजाच्या शून्यालाही डक म्हणू लागले. आपल्याकडे त्या जागी भोपळा आला. तो निदान फोडता तरी येतो.

शिवाजी पार्कच्या नेटमध्ये उसळत्या चेंडूंचा सराव चालू असला की एवढंच बघावं, पोरगा डोळे मिटतो का. डोळे मिटून मान फिरवली तर ते डक नव्हे, तो देवावर हवाला. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू हातातून सुटला की अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी येतो. तेवढ्यात टप्पा ओळखायचा, चेंडू किती उसळेल याचा अंदाज घ्यायचा, गुडघे मोडायचे, डोकं खाली न्यायचं आणि हे सगळं करताना हातही खाली आणायचे. नवशिका नेमका इथेच फसतो. स्वतः बसतो, पण बॅट वरच राहते, पाणबुडीच्या पेरिस्कोपसारखी. चेंडू तिला लागून उडतो आणि शॉर्ट लेगला आयता झेल. ‘अरे हात! हात कुठे राहिले तुझे?’ असं कोच ओरडतो, तोवर पोरगा हेल्मेट सावरत असतो. जाणता फलंदाज मात्र चेंडू डोक्यावरून निघून जाईपर्यंत त्याच्यावरची नजर काढत नाही. घाबरलेल्या माणसाचं हे काम नाही.

आणि तरी हे क्रियापद कुणाच्या नावावर टाकायचं, ते बघणारे परस्पर ठरवून मोकळे होतात. नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या बाबतीत तेच झालं. १९६२ च्या मार्चमध्ये भारतीय संघ बार्बाडोसमध्ये होता. कॉन्ट्रॅक्टर कर्णधार, वय अवघं २८. कसोटीआधीचा बार्बाडोसविरुद्धचा सामना, समोर चार्ली ग्रिफिथ. साइटस्क्रीन नव्हता. ग्रिफिथ धावत येत असताना पॅव्हेलियनमधली एक खिडकी कुणीतरी उघडली आणि लक्ष क्षणभर तिकडे गेलं, असं कॉन्ट्रॅक्टर यांनी पुढे सांगितलं. चेंडू उजव्या कानाच्या वर बसला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला सर्वांत आधी पुढे आला तो वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल. आपल्याकडून चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उम्रीगर यांनी दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पुढे प्रथम श्रेणीचं क्रिकेटही खेळले, पण कसोटी पुन्हा नशिबात नव्हती. कर्णधारपद २१ वर्षांच्या पतौडींकडे गेलं.

आता यात डक कुठे आलं? कुठेच नाही. पण ‘चेंडू खाली राहिला आणि हे त्याच्याखाली वाकायला गेले’ ही कहाणी वर्षानुवर्षं सांगितली गेली. कॉन्ट्रॅक्टर ती नाकारत राहिले. मी वाकलोच नव्हतो, एवढंच त्यांचं म्हणणं. कवटीत धातूची पट्टी बसवून घेतलेल्या माणसाला हा एवढा खुलासा करावासा वाटला, यातच सगळं आलं. जखमेचं त्यांनी काही वाटून घेतलं नाही. क्रियापद तेवढं चुकीचं होतं.

बार्बाडोसच्या याच केन्सिंग्टन ओव्हलवर १६ वर्षांनी ऑस्ट्रेलियाचा ग्रॅहम यॅलप कसोटीत पहिल्यांदा हेल्मेट घालून उतरला, तर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. प्रेक्षकांचं हे असंच असतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७६ मध्ये, जमैकात वेस्ट इंडीजच्या होल्डिंगचा चेंडू अंशुमन गायकवाडच्या कानावर बसला होता, विश्वनाथचं बोट मोडलं होतं, ब्रिजेश पटेलच्या तोंडाला लागलं होतं. दुसऱ्या डावात आपले पाच जण फलंदाजीलाच येऊ शकले नाहीत आणि डाव ९७ धावांवर आटोपला. वाकायचं तरी कुठल्या चेंडूला आणि किती!

कधी कधी न वाकणंच शहाणपणाचं ठरतं. २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनला चेतेश्वर पुजाराने दहा-अकरा चेंडू अंगावर घेतले. खेळपट्टीच्या भेगेवरून चेंडू कसाही उडत होता, बॅट पुढे केली तर झेल जाण्याची धास्ती. त्याने छाती, हात, हेल्मेट पुढे केलं आणि २११ चेंडूंत ५६ धावा केल्या. त्याला शूर म्हणाले, ते योग्यच. पण वाकून चेंडू सोडणाऱ्याला कुणी शूर म्हणत नाही, याची मला गंमत वाटते. हिशेब दोघांचा एकच असतो, विकेट द्यायची नाही.

आणि हिशेब चुकला की काय होतं, ते १९९९ च्या डिसेंबरात ॲडलेडला दिसलं. मॅकग्राने चेंडू आखूड टाकला, सचिन खाली बसला. चेंडू उसळलाच नाही, येऊन थेट खांद्यावर आदळला. अंपायर डॅरिल हार्पर यांनी पायचीत दिलं. सचिनच्या नावापुढे शून्य. डक केलं आणि डकच पदरात पडलं. निर्णय बरोबर होता, असं हार्पर आजवर सांगत आले आहेत, आणि पायचीतच्या नियमात खांद्याला सूट नाही हेही खरं. पण चेंडू यष्टींच्या वरून गेला असता, असं आमच्या कट्ट्यावरचा प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. त्यातले निम्मे त्या वेळी गाढ झोपलेले होते.